वेलीला फेरस, लेकीला उपदेश

सोमवारी शाळेत लोहाची निळी गोळी घेतल्यावर चार मुलींना मळमळलं, एकीला उलटी झाली. संध्याकाळी त्या चौघी अंगणात लंगडी खेळत होत्या, गाव मात्र पुढचे आठ दिवस शुद्धीवर आलं नाही. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ तोच विषय. एक गट म्हणाला, सरकारी गोळ्या बंद करा, आपल्या आज्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीवर ऐंशी वर्षं जगल्या. दुसरा म्हणाला, अडाणीपणा पुरे, गोळी गिळा आणि गप्प बसा. तिसरा गट सगळ्यात मोठा. त्याच्या मते हल्लीच्या पोरींना घरचं खायला नको, पाच रुपयांची पाकिटं फोडायची आणि मग प्रार्थनेला चक्कर येऊन पडायचं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी २८ वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची काही वर्षं दर सोमवारी याच निळ्या गोळ्या वाटल्या. त्यामुळे या वादात गप्प राहणं मला जमलं नाही. तिन्ही गट भलत्याच जागी भांडतायत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या खेड्यांतल्या किशोरवयीन मुलींच्या अंगात लोह, फोलेट, बी-१२, जस्त कमी पडतं ते त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे, आणि गोळी वाईट आहे म्हणूनही नव्हे. चौदाव्या वर्षानंतर या मुलीच्या नावाचं ताट घरातल्या पहिल्या पंगतीत नसतं आणि सरकारच्या यादीतही नसतं. शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. त्यानंतर जेवणाच्या यादीत तिचं नाव पुन्हा चढतं ते थेट पोटुशी राहिल्यावर. मधल्या चार-पाच वर्षांत शरीराची मागणी सगळ्यात जास्त असते, आणि नेमक्या त्याच वर्षांत ती कुणाच्याच खात्यावर नसते.

आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. दिंडोरी-निफाडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या तर काय समजायचं? तो चहाचा कप खाली न ठेवता सांगेल, फेरस कमी, म्हणजे लोह कमी. जुनी पानं पिवळी पडली तर मॅग्नेशियम, पानं बारीक राहिली तर झिंक. फुलोऱ्याच्या वेळी देठ काढून तो तपासायला पाठवतो आणि अहवाल येईपर्यंत त्याला झोप लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असलं तरी मुळीला ते उचलता येत नाही, हेही त्याला पाठ असतं. म्हणून तो शेणखतही घालतो, पानांवर फेरस सल्फेटही फवारतो आणि परवडलं तर मुळीला सहज उचलता येईल असं चिलेटेड खत ठिबकमधून सोडतो. या माणसाला कधी ‘शेणखत की फवारणी’ असा वाद घालताना कुणी पाहिलंय? वेलीला ‘तुला नीट खायचं कळत नाही’ असं सुनावून बांधावर जाऊन बसलेला एक तरी बागायतदार दाखवा. आणि त्या निळ्या गोळीत तरी काय असतं? बहुतेक वेळा तेच फेरस सल्फेट, औषधाच्या शुद्धतेचं आणि माणसाच्या मापाचं. लोह ६० मिलिग्रॅम, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच. वेलीच्या बाबतीत ज्याला आपण शेती म्हणतो, लेकीच्या बाबतीत त्याचं भांडण होतं.

समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी घेतो, आणि तो डेअरीवर कुणीच मांडला नाही. मुद्दा आकड्यांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनं (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं सांगितलं. महाराष्ट्रातला आकडाही सत्तावन्नच्या आसपास, आणि दोन्ही आकडे आधीच्या फेरीपेक्षा वाढलेले. पण ही पाहणी बोट टोचून काढलेल्या थेंबावर होते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा १० ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ४० टक्के निघालं. दोन्हींचे वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे वजाबाकी करून मोकळं होता येत नाही. तरीही थेंबाच्या मापावर शंका घेणारे तज्ज्ञ आहेत, आणि १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेलं की रक्तक्षय, ही मर्यादा आपल्या मुलांसाठी वाजवी आहे का, यावरही गंभीर वाद आहे. हे सगळं मान्य. आता सगळ्यात सौम्य आकडा धरू. त्याच दुसऱ्या पाहणीत शरीरातला लोहाचा साठा मोजला तेव्हा ३१ टक्के किशोरवयीन मुलींत तो तोकडा होता, मुलग्यांत १२ टक्के. मुलं-मुली मिळून ३७ टक्क्यांत फोलेट कमी, ३१ टक्क्यांत बी-१२ कमी, ३२ टक्क्यांत जस्त कमी. बागेतल्या शंभरातल्या एकतीस वेली पिवळ्या दिसल्या तर आपण तपासणीच्या पद्धतीवर चर्चा करत बसू का?

आता आज्यांकडे वळू. नागलीच्या भाकरीबद्दल मला आदर आहे आणि तो भावनेचा नाही. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या असं एक पूर्ण जेवण होतं. रेशनच्या तांदूळ-गव्हानं ते बाजूला सारलं हेही खरं. पूर्वेकडे येवला-नांदगाव-मालेगावला बाजरी. तिच्याबद्दल तर पुरावाच आहे. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना जास्त लोह असलेल्या ‘धनशक्ती’ बाजरीची भाकरी दिली, तेव्हा काही महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. म्हणजे भाकरीवाले मूर्ख नाहीत. पण ‘पूर्वीच्या बायका धडधाकट होत्या’ हे कुणी मोजलं? ज्या आज्या ऐंशी वर्षं जगल्या त्या आपल्याला आठवतात. ज्या पहिल्या नाहीतर तिसऱ्या बाळंतपणात गेल्या, त्यांची आठवण सांगायला मागे कोण राहिलं?

लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली ती याच बायकांसाठी. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब घरांतल्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता. लोक त्याचं खापर जंतूंवर, अस्वच्छतेवर फोडत होते. विल्सबाईंनी त्या काय खातात ते पाहिलं, उंदीर-माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्कानं या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये छापलं. त्या अर्कात काय होतं ते दहा वर्षांनी उलगडलं. १९४१ मध्ये तो पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचं नाव फोलिक ॲसिड पडलं. म्हणजे निळ्या गोळीतली अर्धी विद्या मुंबईच्या गिरणगावातून आलेली आणि तिचं नावच मुळी पालेभाजीवरून पडलेलं. ‘गोळी नको, भाजी खा’ म्हणणाऱ्याला आणि ‘भाजी सोड, गोळी घे’ म्हणणाऱ्याला हे एकदा एकत्र बसवून सांगायला हवं.

मग गोळी चुकते कुठे? चुकते, आणि ती कशी चुकते ते मी जवळून पाहिलंय. साप्ताहिक गोळ्यांचा हा कार्यक्रम २०१२ पासून देशभर आहे. २०१८ मध्ये तो ‘ॲनिमियामुक्त भारत’ या मोठ्या मोहिमेत सामील झाला. कागदावर तो उत्तम आहे, आठवड्याला एक गोळी, वर्षातून दोनदा जंताचं औषध. प्रत्यक्षात आमच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांमध्ये मला निळ्या गोळ्या सापडायच्या. तरीही रजिस्टरमध्ये मी बरोबरच्या खुणा केल्या आहेत. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. रकाना रिकामा राहिला की वरून विचारणा होते, मुलगी रिकामी राहिली तर होत नाही, हे मला कळलं होतं. मुली गोळी का टाकायच्या हे विचारायला मला फार वर्षं लागली. एक म्हणाली, “सर, सकाळपासून नुसता चहा झालाय. गोळी घेतली की पोटात कालवतं.” ती नववीत होती. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची असते, रिकाम्या पोटी मळमळतंच. आणि नियमाप्रमाणे गोळी बारावीपर्यंत आहे, पण जेवण आठवीपर्यंत. आठवीच्या वर्गात खिचडीनंतर गोळी, नववीच्या वर्गात उपाशीपोटी गोळी, मध्ये फक्त एक भिंत. परवा मळमळलेल्या चौघी कितवीतल्या होत्या? मी चौकशी केली. चौघीही नववी-दहावीतल्या. आठ दिवस गाव गोळीत दोष शोधत होतं, आणि दोष गोळीच्या आधी जे पोटात गेलं नाही त्यात होता.

गोळीवाल्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. सगळा अशक्तपणा लोहाचा नसतो. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथला रक्तक्षय लोहानं भरून येत नाही, तिथे आधी तपासणी लागते. बी-१२ कमी असेल तर निळी गोळी त्याला हात लावत नाही. न तपासता सगळ्यांना एकच खत टाकणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो?

बी-१२ वरून अंड्यावर येणं भाग आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. त्यावर वादळ उठलं आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचे पैसे थांबले, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. माळकरी घरातल्या मुलीच्या ताटात अंडं येऊ नये, हा आग्रह मला समजतो, तिला दूध द्या, दही द्या. पण तिच्या शेजारी बसलेली कोकणा नाहीतर भिल्ल आदिवासी घरातली मुलगी घरी खेकडे, सुकट, मिळेल तेव्हा कोंबडी खाते. तिच्या तोंडचं अंडं कुणाच्या सोवळ्यासाठी काढायचं? आणि पाकिटांबद्दल जे गळा काढतात त्यांना एक साधा हिशोब. पाच रुपयांचं पाकीट गावातल्या प्रत्येक टपरीवर लटकलेलं असतं. अंडं त्याहून महाग, तेही उकडायला घरी कुणी असेल तर. पाकीट वाईटच आहे, मी त्याची वकिली करणार नाही. पण दुपारी साडेबाराला भूक लागलेल्या नववीतल्या मुलीसमोर शाळेच्या फाटकाबाहेर तेवढंच असेल, तर तिला सवयीचा दोष द्यायचा?

घराबद्दल बोलायला आपल्याला जड जातं, म्हणून आपण सरकारवर लिहितो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींत मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं असं म्हटलंय. १६ ते १८ वयाच्या मुलीला ३२. पाळी आणि वाढ, दोन्ही एकाच वेळी चालू असतात म्हणून. म्हणजे घरात सगळ्यात जास्त लोह जिला हवं, ती आईबरोबर सगळ्यात शेवटी जेवते. पातेल्यात खाली राहिलेलं कालवण, दोन भाकरींतली दीड, कारण रात्रपाळीहून भाऊ यायचाय. यात कुणी दुष्ट नसतं. माझ्या घरातही नव्हतं. माझी धाकटी बहीण आमटीतलं घट्ट आम्हा भावांना वाढून पातळ स्वतः घ्यायची, आणि ‘तिला आवडतंच पातळ’ असं आम्ही खरोखर समजत होतो.

हिवाळ्यात पेठकडून आमच्या भागात मजुरांच्या टोळ्या येतात, डिपिंगला म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, आणि विरळणीला. त्यांत सोळा-सतरा वर्षांच्या, दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुली असतात. दुपारी डबे उघडले की नागलीची भाकरी, उडदाचं पातळ कालवण, ठेचा. आणि वर आमचा चहा. जेवणाबरोबर घेतलेल्या चहानं लोहाचं शोषण घटतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं, आणि बागेत मालक म्हणून प्रेमानं नेमकं त्याच वेळी किटली पाठवत आलो. हल्ली जेवणाबरोबर लिंबू पाठवतो आणि चहा तासाभरानं. एवढ्यानं काही जग बदलत नाही, हे ठाऊक आहे.

शाळा सुटलेल्या या मुलीसाठी सरकारकडे काय आहे? २०१० मध्ये २०० जिल्ह्यांत ‘सबला’ योजना आली, तेव्हा ११ ते १८ वयाच्या मुलींच्या आहाराची निदान भाषा तरी होती. पुढे ती आकसत ११ ते १४ वयाच्या शाळाबाह्य मुलींपुरती राहिली. मग वयोगट बदलून १४ ते १८ केला, पण ईशान्येकडची राज्यं सोडली तर फक्त आकांक्षित, म्हणजे केंद्रानं मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रात असे जिल्हे चार, नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. नाशिक त्यात नाही, कारण नाशिक प्रगत. द्राक्षं युरोपला जातात, लासलगावच्या कांद्यावर दिल्लीचं राजकारण हलतं. पण ती प्रगती सरासरीत आहे, आणि सुरगाण्याची मुलगी सरासरीत जेवत नाही. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे आणि ती चांगली आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम चौरस जेवण. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलींनाही जेवण मिळतं. उरते ती घरी राहणारी अविवाहित मुलगी. एकोणीस वर्षांची वहिनी अंगणवाडीत जेवते, सतरा वर्षांची नणंद तिला तिथवर सोडून परत येते. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर पाचांपैकी एकीहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. ज्या घरात मुलीचं पोट हा खर्च समजतात, तिथे ताट मिळायची वाट बोहल्यावरून जाते असं आपली योजनाच सांगते, याचा विचार मंत्रालयात कुणी केला असेल का?

‘पैसा कुठून आणायचा’ हा पुढचा प्रश्न, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. पण १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत शाळकरी मुलांसाठी रोजचं जेवण सुरू केलं, तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. मतांसाठी खिरापत, राज्य बुडेल वगैरे. दोन वर्षांनी त्यांनी ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वाढवलं. तिथे आजही दहावीपर्यंत जेवण आहे, कर्नाटकातही आहे. कुठलं राज्य बुडालं? आपल्याकडचीच आठवण सांगायची तर बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी हा तयार पौष्टिक खाऊ वाटला. तो पारंपरिक आहे का, लोकांच्या सवयी बिघडतील का, असा परिसंवाद त्या वेळी भरला नाही. रोख पैसे देऊन मोकळं व्हावं, असंही काही जण सुचवतात. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यावर टाकायचं ठरलं, तेव्हा तीच मुलं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली होती. खात्यावर आलेला पैसा घरच्या अडचणीत जातो आणि ताट रिकामं राहतं, हे त्यांना अर्थतज्ज्ञांपेक्षा आधी कळलं होतं.

आणि पैसा गावातही आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. त्यातून झालेली कामं मी पाहिली आहेत. पेव्हर ब्लॉक फार सुबक बसवलेत.

एका शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. या विषयावरचं प्रत्येक भाषण, प्रत्येक फलक ‘उद्याची माता’ इथे सुरू होतो. सशक्त मुलगी म्हणजे सुदृढ बाळ. शास्त्राच्या दृष्टीनं खोटं नाही. पण वर्गात दुसऱ्या तासाला जिचे डोळे मिटतात, पळण्याच्या शर्यतीत जिला अर्ध्यात धाप लागते, जिचं गणित कच्चं आहे असं मी प्रगतिपुस्तकात लिहिलं आणि जिच्या रक्तातच काही नव्हतं, तिला आज भाकरी हवी आहे. तिनं उद्या आई व्हायचं ठरवलं नाही तर? मुलाच्या दुधाच्या पेल्यावर ‘उद्याचा बाप’ असं लिहिलेलं कधी पाहिलंय?

येत्या ग्रामसभेत मी हात वर करणार आहे. गावात १४ ते १८ वयाच्या मुली किती, त्यांतल्या किती जणींचं रक्त गेल्या वर्षभरात तपासलं, आणि नववी-दहावीच्या वर्गात सोमवारी गोळीच्या आधी एक केळं नाहीतर अंडं द्यायला त्या १० टक्क्यांतले किती पैसे लागतील, एवढंच विचारायचंय. सरपंच आमचेच, चांगले आहेत. गावात द्राक्षाखालचं क्षेत्र किती, असं विचारलं तर गुंठ्यासकट सांगतात.